धूमकेतूच्या पोटातला खडा



चुलीपुढं असाल, गोठ्यात असाल, नाहीतर लेकरू मांडीवर घेऊन बसला असाल, तिथूनच ऐका. आज बचत, हप्ता, व्याज यातलं काही बोलणार नाही. आज एका विमानाची गोष्ट सांगणार आहे. आठ मिनिटांच्या आत ज्याचं इंधन संपायचं अशा विमानाची, आणि ते सगळ्यांत आधी उडवून बघणाऱ्या माणसांची. त्यांत एक बाईपण होती.

ही मध्येच विमान कुठून घेऊन आली, असं तुम्ही म्हणाल. तर ते आलं आपल्याच बैठकीतून. आमच्या गटात ड्रोनचा विषय निघाला होता. नमो ड्रोन दीदी योजना तुम्हांला माहीत आहेच. २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारनं ती मंजूर केली. देशभरातल्या १५,००० महिला गटांना फवारणीचे ड्रोन द्यायचे, किमतीच्या ८० टक्के म्हणजे जास्तीत जास्त ८ लाखांपर्यंत मदत करायची, आणि गटातल्या एका बाईला १५ दिवसांचं प्रशिक्षण द्यायचं, अशी ती योजना. ड्रोन सगळ्यांनाच पाहिजे होता. पण शिकायला कोण जाणार म्हटल्यावर सगळ्यांच्या माना खाली.

मी एका ताईकडं बघितलं. बारावी झालेली, स्कूटी चालवणारी, बँकेत एकटी जाणारी. ती म्हणाली, "मॅडम, पहिली मीच का? ते पडलं-मोडलं तर कागदावर सही माझीच असणार ना?"

मला चटकन उत्तर सुचलं नाही. मी आपलं नेहमीचं सुरू केलं, बाई काय करू शकत नाही वगैरे. कॅप्टन सौदामिनी देशमुख यांचं नाव घेतलं. १९८५ साली कोलकात्याहून सिलचरला एक विमान सगळ्या महिलांनीच नेलं, त्याच्या कॅप्टन आपल्या मराठी सौदामिनीताई होत्या. ताईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हो, पण त्या बसल्या तेव्हा ते विमान आधी कुणीतरी उडवून बघितलेलं होतं की."

तिचं चुकलं नव्हतं. त्याच्या पंधरा दिवस आधी शेजारच्या गावात सोयाबीनवर ड्रोनचं प्रात्यक्षिक झालं होतं. आम्ही हौसेनं गेलो होतो, फोटो काढले होते. दाखवणाऱ्या पोरानं उघड्या हातांनी औषध कालवलं आणि टाकीत ओतलं. आम्ही उभ्या होतो नेमक्या वाऱ्याच्या खालच्या अंगाला. घरी येईपर्यंत दोघीतिघींचे डोळे चुरचुरत होते. कुठं उभं राहायचं ते कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, तेही कबूल करते.

ताईचं ते वाक्य डोक्यातून जाईना. आधी उडवून बघणारे कोण असतात? त्यांना टेस्ट पायलट म्हणतात, चाचणी वैमानिक. आपल्या नाशिकजवळ ओझरला विमानांचा मोठा सरकारी कारखाना आहे. तिथं बांधलेलं विमान हवाई दलाच्या हाती जायच्या आधी चाचणी वैमानिक ते आकाशात नेऊन, वर-खाली करून, आवाज ऐकून परत आणतो. १९८४ साली अंतराळात जाऊन आलेले राकेश शर्मा पुढं नाशिकला हेच काम करत होते. शिवलेलं नवं झबलं बाळाला घालायच्या आधी आई त्यात कुठं टाचणी राहिली नाही ना, हे स्वतःचा हात आत फिरवून बघते. तसलं हे काम. टाचणी असली तर ती आधी तिच्या बोटाला टोचते.

बी.ए.ला माझा विषय इतिहास होता. दुसरं महायुद्ध आम्ही असं शिकलो: १९३९ ते १९४५, कारणे आणि परिणाम, दहा गुण. आता या निमित्तानं परत वाचायला बसले आणि कोमेटपाशी थांबले.

कोमेट म्हणजे धूमकेतू. हे जर्मनीचं लढाऊ विमान, मेसरश्मिट १६३. त्याच्या जन्माची सुरुवात गमतीची आहे. पहिल्या महायुद्धात जर्मनी हरला तेव्हा त्याच्यावर तहात एक अट घातली गेली, लढाऊ विमानं बाळगायची नाहीत. इंजिनाची विमानं बनवण्यावरही बंधनं आली. मग तिथली तरुण पोरं बिनइंजिनाच्या विमानांकडं वळली. त्याला ग्लायडर म्हणतात. दोरी बांधून दुसऱ्या विमानानं त्याला वर ओढत न्यायचं, वर गेलं की दोरी सोडायची. मग उन्हाळ्यात आपल्या माळावर घार पंख न हलवता गोल गोल फिरत राहते, तसं ते गरम हवेवर तरंगत राहतं आणि हळूहळू खाली येतं. आपल्याकडं पुण्याला हडपसरमध्ये ग्लायडर शिकवायचं केंद्र आहे. तर जर्मनीत एक अख्खी पिढी हा वाऱ्याचा खेळ खेळत वाढली, आणि हिटलर सत्तेवर आला तेव्हा तीच पोरं त्याला तयार वैमानिक म्हणून मिळाली.

अलेक्झांडर लिप्पिश नावाचे एक रचनाकार होते. शेपटीला आडवे पंख नसलेली विमानं हा त्यांचा ध्यास. त्यांच्या ग्लायडरसारख्या बुटक्या विमानाच्या पोटात रॉकेट बसवलं, आणि कोमेट तयार झालं. दिवाळीत आपण बाटलीत ठेवून बाण उडवतो ना, त्या बाणात माणूस बसवायचा, आणि वर त्याला सांगायचं की परत खाली ये. लांबी जेमतेम पावणेसहा मीटर, आपल्या दोन बैलगाड्या एकामागं एक लावल्या तर त्याहून मोठ्या भरतील. पण साडेतीन मिनिटांत ते १२ किलोमीटर उंच जायचं. ताशी ९५० किलोमीटरच्या आसपास वेग. त्या काळातलं ते सगळ्यांत वेगवान लढाऊ विमान होतं.

आता त्याचं इंधन. लेकराचा गुडघा फुटला की दवाखान्यात नर्स कापसाच्या बोळ्यानं एक पाण्यासारखं औषध लावते आणि त्याचा पांढरा फेस येतो, आठवतं? ते हायड्रोजन पेरॉक्साइड. ते असतं ३ टक्क्यांचं, बाकी पाणी. कोमेटच्या एका टाकीत तेच असायचं, पण ८० टक्क्यांचं. अंगावर सांडलं तर कातडी जाळायचं, कपड्यावर सांडलं तर कपडा पेट घ्यायचा. दुसऱ्या टाकीत मिथेनॉल आणि हायड्राझिन. ही दोन द्रव्यं नुसती एकमेकांना भेटली की भडका, काडी ओढायचं काम नाही. म्हणून इंधन भरणाऱ्या दोन गाड्या एका वेळी विमानाजवळ कधीच आणत नसत. एक भरून गेली की पाण्यानं सगळं धुऊन काढायचं, मग दुसरी यायची. आणि पेरॉक्साइडच्या दोन लहान टाक्या कुठं होत्या? वैमानिकाच्या दोन्ही मांड्यांच्या बाजूला. दोन्ही मिळून जवळजवळ दोन टन इंधन, आणि ते आठ मिनिटांच्या आत संपायचं.

चाकंपण नव्हती. वजन वाचवायला विमान दोन चाकांच्या एका सुट्या गाड्यावर ठेवून पळवायचे. जमीन सुटली की वैमानिकानं कळ दाबून तो गाडा खाली टाकून द्यायचा. मग रॉकेटच्या जोरावर वर. इंधन संपलं की इंजिन बंद, आणि तिथून पुढं ते निव्वळ ग्लायडर. तरंगत खाली यायचं आणि पोटाखालच्या घसरपट्टीवर गवतात घसरत थांबायचं. दुसऱ्यांदा वर जायची सोय नाही. उतरताना चुकलं तर चुकलं. टाकीत थोडंसं इंधन उरलं असेल आणि विमान जोरात आदळलं, तर विषय संपला.

हे आधी उडवून बघणारे सगळे ग्लायडरवालेच होते. हाइनी डिटमार हा पहिला. २ ऑक्टोबर १९४१ रोजी त्यानं कोमेटचं सुरुवातीचं रूप ताशी १,००३ किलोमीटर वेगानं नेलं. हजाराच्या वर गेलेला तो पहिला माणूस, पण ती बातमी युद्ध संपेपर्यंत गुपित राहिली. त्याच्या बायकोला तरी त्यानं सांगितलं असेल का, असं मला वाचताना उगाच वाटून गेलं. पुढं एकदा घसरपट्टीवर आदळून त्याच्या मणक्याला मार बसला, तो कितीतरी महिने अंथरुणाला होता. मग त्याची जागा रुडॉल्फ ओपिट्झनं घेतली. ओपिट्झ या सगळ्यातून वाचला, अमेरिकेत गेला आणि २०१० मध्ये नव्व्याण्णवाव्या वर्षी गेला. डिटमारला तेवढं नशीब नव्हतं. युद्धातून तो जगला, पण १९६० मध्ये स्वतःच तयार केलेल्या विमानाची चाचणी घेताना पडला आणि गेला.

आणि आता ती बाई. हॅना राइट्श. जन्म १९१२ चा, उंची आपल्यातल्या बहुतेकींएवढीच, पाच फुटांच्या आसपास. डॉक्टर व्हायचं म्हणून शिकत होती, पण ग्लायडर उडवायला लागली आणि डॉक्टरकी मागं पडली. १९३८ मध्ये बर्लिनच्या एका बंद सभागृहात, प्रेक्षकांच्या डोक्यावर, तिनं हेलिकॉप्टर उडवून दाखवलं. तोवर लोकांनी हेलिकॉप्टर बघितलेलंही नव्हतं. नवीन विमान आलं की हॅनाला बोलवा, असं झालं होतं.

३० ऑक्टोबर १९४२. कोमेटची चाचणी. रॉकेट न पेटवता दुसऱ्या विमानानं ओढत वर न्यायचं होतं. जमीन सुटली, तिनं कळ दाबली, आणि गाडा सुटेना. तो खाली अडकून राहिला आणि सगळं विमान थडथडायला लागलं. उंच जाऊन छत्रीनं उडी मारायचा रस्ता होता. तिनं तो घेतला नाही. विमान नवीन होतं, कुठं बिघडलं हे कळल्याशिवाय ते सोडून द्यायचं तिच्या मनाला पटेना. दोरी सोडून ती खाली यायला लागली. धावपट्टीच्या अलीकडं शेतात विमान आदळलं आणि उलटंपालटं होऊन थांबलं. तिनं चेहऱ्यावर हात फिरवला तर नाक जागेवर नव्हतं. कवटीला कितीतरी ठिकाणी तडे गेले होते. आणि अशा अवस्थेत तिनं काय केलं? खिशातून कागद-पेन्सिल काढली आणि नेमकं काय बिघडलं ते लिहून, आकृती काढून ठेवली. मग चेहऱ्याला रुमाल बांधला, येणाऱ्या लोकांना तो चेहरा दिसू नये म्हणून, आणि तिची शुद्ध गेली.

पाच महिने दवाखान्यात. बाहेर आली तर तोल सांभाळता येईना. तिनं स्वतःच लिहून ठेवलंय की मग ती रोज घराच्या छपरावर चढून बसायची, झाडावर चढायची, चक्कर जाईपर्यंत. पुढं ती परत विमानात बसली.

मैत्रिणींनो, इथपर्यंत वाचलं तेव्हा मी ठरवलं होतं की हीच गोष्ट ताईला सांगायची. बघ, अशी असते पहिली जाणारी बाई. आपल्या आठ मार्चच्या कार्यक्रमातही सांगता येईल. पण पुढची पानं वाचली आणि माझा हात थांबला.

कारण हॅना ज्याच्यासाठी हे करत होती तो हिटलर होता. लाखो ज्यू बायका-लेकरांना ज्यांनी मारलं त्यांची ती राजवट. तिला त्यांनी आयर्न क्रॉस हे मोठं लष्करी पदक दिलं आणि तिनं ते अभिमानानं छातीवर लावलं. १९४४ मध्ये तिनं स्वतः हिटलरपुढं एक बेत मांडला, बॉम्बमध्ये माणूस बसवून तो शत्रूवर नेऊन आदळायचा. बसणारा परत येणार नाही हे ठरलेलं. त्यासाठी नाव देणाऱ्यांकडून लेखी घेतलं गेलं की यात आपण मरणार हे आम्हांला समजलेलं आहे. त्या कागदावर हॅनाचीही सही होती. पुढं तो बेत गुंडाळला गेला. १९४५ च्या एप्रिलमध्ये बर्लिन पडत असताना ती जीव मुठीत धरून विमानानं तिथं गेली, हिटलरच्या तळघरात राहिली, तिथं त्यानं तिला विषाची कुपी दिली. त्याच सुमारास घरी तिच्या बापानं रशियन सैन्याच्या भीतीनं तिची आई, बहीण आणि बहिणीची लेकरं यांना मारून स्वतःला संपवलं. एवढं होऊनही त्या राजवटीबद्दल तिला मनापासून पस्तावा झाला असं पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत कुठं दिसत नाही.

आणि गंमत बघा, हीच हॅना आपल्या देशातही येऊन गेली. १९५९ साली. ग्लायडरचं केंद्र उभारायला मदत म्हणून बोलावली होती, आणि पंडित नेहरू तिच्याबरोबर ग्लायडरमध्ये बसून दिल्लीवर फिरून आले. त्या काळचा तो फोटो बघून कुणाच्या मनात काय आलं असेल, कुणास ठाऊक. जिचा हात एवढा स्थिर, तिच्या हातात देशाचा पंतप्रधान बसला. पण त्याच हातानं तिनं तो दुसरा कागदही सही केला होता.

तिच्याच काळात, तिच्याच देशात आणखी एक चाचणी वैमानिक बाई होती, मेलिटा श्टाउफेनबर्ग. इंजिनिअर. उंचावरून नाक खाली करून सूर मारणारी विमानं तपासायचं तिचं काम. असे दोन हजारांहून जास्त सूर तिनं मारले. तिचा बाप जन्मानं ज्यू होता, म्हणजे त्या राजवटीच्या हिशोबानं तिचाच जीव टांगणीला. तिचं काम थांबलं तर नुकसान होईल म्हणून तिला वाचवलं गेलं. १९४४ च्या जुलैत हिटलरला बॉम्बनं मारायचा प्रयत्न झाला, तो करणारा तिचा दीर होता. अख्खं घर तुरुंगात गेलं, तीही गेली. पण कामासाठी तिला सोडावं लागलं. मग ती तुरुंगातल्या आपल्या माणसांपर्यंत जायची, खायला न्यायची. युद्ध संपायला महिना राहिला असताना, ८ एप्रिल १९४५ रोजी, तिचं विमान अमेरिकन विमानानं पाडलं. हॅनाचं नाव विमानांच्या प्रत्येक पुस्तकात आहे. मेलिटाचं फार थोड्यांना माहीत आहे.

कोमेटचं काय झालं? सुमारे ३७० बांधली गेली. १९४४ च्या मे महिन्यात पहिल्यांदा लढायला उडालं तेव्हा कामगारांनी हौसेनं ते लालभडक रंगवून ठेवलं होतं, आणि उडवणारा वोल्फगांग श्पेटं वैतागला होता, कारण शत्रूला ते दुरून दिसणार आणि रंगाचंही वजन होणार. पुऱ्या युद्धात कोमेटनं शत्रूची नऊ ते सोळा विमानं पाडली असं धरतात. बस, एवढीच. आणि त्याच्या चाचणीत, उतरताना, इंधन सांडून गेलेली स्वतःची माणसं? १९४३ च्या डिसेंबरात योझेफ पॉस नावाचा वैमानिक उडाला, टाकून दिलेला गाडा जमिनीवर आपटून उसळला आणि विमानालाच लागला. इंजिन बंद पडलं. उतरताना विमान आदळलं, आणि मांडीजवळच्या टाकीतलं ते द्रव्य त्याच्या अंगावर सांडलं. पुढचं मी सांगत नाही, लेकरं ऐकत असतील. त्यांना खास कपडे दिलेले होते, ते अंगात होते.

युद्ध संपल्यावर ब्रिटिश चाचणी वैमानिक एरिक ब्राउन याला हे विमान रॉकेट पेटवून उडवायचंच होतं. जून १९४५ मध्ये, जर्मनीतच. जर्मन कामगारांनी इंधन भरायच्या आधी त्याच्याकडून कागदावर सही घेतली की काही झालं तर आम्ही जबाबदार नाही. हे वाचून मला आमची ताईच आठवली. जगात सगळीकडं कागद असतो आणि सही उडवणाऱ्याची असते.

आता या गोष्टीतला माझा आवडता म्हातारा. योझेफ कुर्ट्स. तरुणपणी त्याला कोमेट उडवायचं शिकवलं गेलं होतं, पण लढाईत तो कधी गेला नाही. पन्नास वर्षं त्याच्या डोक्यात ते विमान राहिलं. मग त्यानं जुने आराखडे मिळवले आणि १९९४ ते १९९६ अशी दोन वर्षं खपून कोमेटची प्रतिकृती तयार केली. नुसती शोकेसमधली नाही, उडणारी. जागेसाठी त्यानं फ्रिट्सलारच्या लष्करी तळावर बोलणं केलं, त्यांनी जागा दिली. १८ जून १९९६ पासून तिच्या उडायच्या चाचण्या सुरू झाल्या, पुढं काही वर्षं ती लोकांसमोरही उडाली, नंतर एका मोठ्या विमान कंपनीनं ती घेतली.

पण त्या प्रतिकृतीत रॉकेट नाही. पोट रिकामं. दोरीनं ओढून वर न्यायची, सोडायची, आणि ती तरंगत खाली येते.

आधी मला वाटलं, मग ते कसलं कोमेट? जे कारण म्हणून ते होतं तेच काढून टाकलं. नंतर लक्षात आलं, खरं कोमेटही प्रत्येक वेळी असंच खाली यायचं, इंधन संपलेलं, गप्प, वाऱ्यावर. कुर्ट्सची प्रतिकृती खऱ्या विमानाचा दुसरा अर्धा भाग अगदी खरा दाखवते. पहिला अर्धा भाग पुन्हा करून बघायची कुणाची हिंमत झाली नाही, आणि तसं करायला कुणी परवानगीही देऊ नये असं माझं मत आहे. लोक खाली उभे राहून वर बघतात, किती देखणं विमान म्हणतात, मोबाइल काढतात. देखणं आहेच ते.

प्रतिकृतीत आणखी एक गोष्ट नाही. तिच्यासाठी अमेरिकेत जावं लागतं.

ओहायो राज्यात डेटन शहरात तिथल्या हवाई दलाचं मोठं संग्रहालय आहे. तिथं एक खरं कोमेट ठेवलंय. ते दुरुस्त करायला उघडलं तेव्हा आत काही सापडलं. इंधनाची टाकी आणि तिला धरून ठेवणारा पट्टा यांच्या मध्ये कुणीतरी एक लहानसा खडा घुसवून ठेवला होता. विमान थडथडलं की खडा टाकीला घासणार, घासून घासून टाकी गळणार. पंखाच्या लाकडाला लावलेला डिंकही मुद्दाम बिघडवलेला असावा, अशी चिन्हं दिसली. आणि आतल्या बाजूला, जिथं कुणाची नजर जाणार नाही तिथं, फ्रेंच भाषेत देशप्रेमाचं काही लिहिलेलं होतं.

जर्मनीनं त्या काळात जिंकलेल्या देशांतून माणसं आणून कारखान्यांत जबरदस्तीनं राबवली. त्यांतल्या कुणीतरी, बाप्या असेल नाहीतर बाई असेल, पहारेकऱ्याची पाठ वळल्यावर हा खडा घातला. सापडलं असतं तर फाशीच. नाव नाही, फोटो नाही, सही तर नाहीच नाही. हॅनाला विमान उडवायला जेवढी छाती लागली त्याहून ही कमी नाही असं मला वाटतं. तिला बघायला सगळा देश होता, ह्याला बघणारं कुणी नसावं हीच त्याची गरज होती. एक मात्र खरं की त्या खड्यानं मेला असता तो आत बसलेला कुणीतरी वीस-बावीस वर्षांचा पोरगाच. यावर मी दोन रात्री विचार केला, मला नीट उत्तर सापडलं नाही, म्हणून तुमच्यापुढं तसंच ठेवते.

पुढच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. जरा लांबलंच, एका मावशीनं मध्येच उठून दूध तापवून आणलं. हॅनाच्या नाकापाशी सगळ्या "अगं बाई" म्हणाल्या. हिटलरपाशी गप्प झाल्या. खड्याची गोष्ट संपल्यावर एकीनं विचारलं, "आणि त्या ड्रोनच्या आत काय काय असतं, ते आपल्याला उघडून दाखवणार का कुणी?"

ताई काही बोलली नाही. जाताना मात्र तिनं पिशवीतून वही काढून मला दाखवली. तीन ओळी लिहिल्या होत्या. औषध कालवणारा आणि ड्रोन उडवणारा एकच माणूस असणार का. हातमोजे, मुखपट्टी आणि चष्मा कोण देणार, आणि फाटले की नवीन कुणाकडं मागायचे. ड्रोन पडला तर विमा गटाच्या नावावर की तिच्या.

मी पेन घेऊन खाली चौथी ओळ लिहिली: वारा कुठल्या बाजूनं आहे, ते बघणारी दुसरी बाई शेतात असणार का.

अर्ज अजून भरलेला नाही, माझ्या कपाटात आहे. सोमवारी आम्ही दोघी तालुक्याला चाललोय, वही घेऊन. काय म्हणतात ते पुढच्या बुधवारी याच वेळेला सांगते.